टीआरएनए जीन खरंच 'कायम चालू' असतात का? क्रोमॅटिनबद्दल थोडं सविस्तर

सूक्ष्मदर्शी:

कॉलेजच्या पुस्तकांत आरएनए पॉलिमरेज थ्रीला (थोडक्यात पॉल थ्री, डीएनएवरून आरएनए बनवणारं एक एन्झाइम) फार तर दीड पान मिळतं. टीआरएनए (प्रोटीन बनताना अमिनो ॲसिड आणून देणारा छोटा आरएनए) बनवतं, प्रमोटर (जिथून जीन चालू होतो ती जागा) जीनच्या आतच असतो, हाउसकीपिंग जीन म्हणून कायम चालू, झालं, पुढचा धडा. यातलं 'कायम चालू' मला अजिबात पटत नाही म्हणून हा धागा काढतेय. मी यीस्टवर काम करते, त्यामुळे सुरुवात यीस्टपासूनच करते, माणसाकडे नंतर येऊ.

आधी मापं बघा, कारण सगळा पेच मापातच आहे. पेशीत डीएनए प्रोटीनवर गुंडाळून ठेवलेला असतो, त्याला क्रोमॅटिन म्हणतात, आणि त्यातली एकेक गुंडाळी म्हणजे न्यूक्लिओसोम. एका न्यूक्लिओसोमवर १४७ बेसजोड्या डीएनए गुंडाळलेला असतो. टीआरएनए जीन साधारण ७२ ते ९० बेसजोड्यांचा, मध्ये इंट्रॉन असला तर थोडा मोठा. जीनच्या सुरुवातीच्या अलीकडे जिथे टीएफथ्रीबी हा पॉल थ्रीचा मदतनीस प्रोटीन बसतो ती जागा धरली तरी सगळं मिळून दीडशेच्या आसपास जातं. म्हणजे एकच न्यूक्लिओसोम नेमका तिथे बसला तर अख्खा जीन प्रमोटरसकट झाकला जातो. मोठ्या जीनचं तसं नसतं, त्यांचा प्रमोटर बाहेर मोकळा राहिला की काम भागतं आणि आतल्या न्यूक्लिओसोममधून पॉलिमरेज वाट काढत जातं. इथे प्रमोटरचे दोन तुकडे, ए बॉक्स आणि बी बॉक्स, दोन्ही जीनच्या पोटात, त्यामुळे जीन झाकला की सगळंच झाकलं.

तरी यीस्टमधले २७४ च्या २७४ टीआरएनए जीन मोकळे सापडतात, आणि पोटाशी मोकळे असले तरी दोन्ही बाजूंना न्यूक्लिओसोम बसलेले असतात, तेही बऱ्यापैकी ठरलेल्या जागी. हे नुसतं योगायोगाने होत नाही. टीएफथ्रीसी नावाचा फॅक्टर आहे, यीस्टमध्ये त्याचे सहा सबयुनिट, वजन पाच लाख डाल्टनच्या वर, तो ए आणि बी बॉक्सला धरून जवळजवळ पूर्ण जीन व्यापतो. मग तो टीएफथ्रीबीला अलीकडे बसवतो आणि टीएफथ्रीबी पॉलिमरेजला बोलावतो.

१९९२ मध्ये रँडल मोर्स आणि रॉबर्ट सिम्पसन यांच्या गटाने केलेला प्रयोग मला या सगळ्यात फार आवडतो. त्यांनी यीस्टमध्ये असा प्लास्मिड (डीएनएचा छोटा गोल तुकडा) घेतला ज्यावर न्यूक्लिओसोम नेमक्या ठरलेल्या जागी बसतात, आणि त्या जागेवरच एसयूपी४ हा टायरोसिनचा टीआरएनए जीन घातला. चालू जीन असेल तर न्यूक्लिओसोम तिथे बसूच शकला नाही, त्याला हटावं लागलं. तोच जीन बिघडवून बंद पाडला तर न्यूक्लिओसोम आरामात जीनच्या सुरुवातीवर येऊन बसला. आजूबाजूचा डीएनए तोच, जागा तीच, फरक फक्त जीन चालण्या-न चालण्याचा. म्हणजे हा जीन आपली जागा स्वतः राखतो.

मग क्रोमॅटिनचं नियंत्रण राहतं कुठे? माझं म्हणणं असं की ते जीनवर नाही, जीनच्या दोन्ही कडांवर आहे. पुढे लिहितेच, पण आधी प्रश्न असतील तर विचारा.

चौकस:

ताई, चांगला धागा. माझा विषय वेगळा आहे म्हणून अगदी बेसिक विचारतो, न्यूक्लिओसोम म्हणजे रिळावर दोरा गुंडाळल्यासारखा डीएनए, बरोबर ना? मग ही रिळं सरकतात कशी, आपोआप की कोणी सरकवतं?

सूक्ष्मदर्शी:

बरोबर, आठ हिस्टोन प्रोटीन एकत्र येऊन गाभा तयार होतो आणि त्याला डीएनएचे पावणेदोन वेढे बसतात. थोडं फार आपोआप हलतं पण पेशीला हवं तेव्हा, हवं तिकडे सरकवायला रिमॉडेलर लागतात. ही मोठी प्रोटीन कॉम्प्लेक्स असतात, एटीपी जाळून न्यूक्लिओसोम सरकवतात, सैल करतात किंवा काढूनच टाकतात. टीआरएनए जीनच्या बाबतीत मुख्य नाव आरएससी. ते यीस्टमध्ये इतकं गरजेचं आहे की त्याचा मुख्य भाग काढला तर यीस्ट जगतच नाही. २००२ मध्ये दिसलं की आरएससी पॉल थ्रीच्या जीनवर मोठ्या प्रमाणात जाऊन बसतं, आणि २००८ मध्ये ब्रॅडली केर्न्स यांच्या लॅबने दाखवलं की आरएससीचं काम थांबवलं की या जीनवर न्यूक्लिओसोमची गर्दी वाढते.

पाणकावळा:

मी डेटावाला माणूस आहे, त्यामुळे एक शंका. यीस्टमध्ये न्यूक्लिओसोम नसलेल्या जागा पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या सीक्वेन्समुळे आहेत. ए आणि टीच्या लांब ओळी असल्या की डीएनए ताठ होतो आणि हिस्टोनला गुंडाळायला जड जातो. टीआरएनए जीनच्या शेवटी टर्मिनेटरला (जिथे पॉल थ्री थांबतं तिथे) टी-टी-टी-टी असतंच आणि अलीकडचा भागही एटी जास्त असलेला. मग 'जीन स्वतः जागा राखतो' म्हणायची गरज काय, सीक्वेन्सच पुरे आहे की.

सूक्ष्मदर्शी:

शंका रास्त आहे आणि सीक्वेन्सचा वाटा मी नाकारत नाही. पण नुसता सीक्वेन्स कारण असता तर मोर्स-सिम्पसनच्या प्रयोगात बिघडवलेला जीनही मोकळाच राहायला हवा होता, त्याचा टर्मिनेटर कुठे गेला होता? आणि आरएससी काढल्यावर न्यूक्लिओसोम वाढायला नको होते, सीक्वेन्स तर जसाच्या तसा होता. टर्मिनेटरमधली टीची ओळ पण छोटी असते, पॉल थ्रीला थांबायला तेवढी पुरते, न्यूक्लिओसोम रोखायला मात्र ती एकटी पुरेशी वाटत नाही. सीक्वेन्स मदत करतो, राखण मात्र टीएफथ्रीसी आणि आरएससी करतात असं मी म्हणेन.

आता कडांबद्दल. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत पूर्णिमा भार्गव यांच्या लॅबने याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलंय. २०११ च्या त्यांच्या पेपरमध्ये एसयूपी४ जीनच्या दोन टोकांचे न्यूक्लिओसोम वेगवेगळ्या पद्धतीने वागतात हे दिसतं, आणि त्यात तीन खेळाडू आहेत: आरएससी, फॅक्ट नावाचं हिस्टोन सांभाळणारं कॉम्प्लेक्स, आणि एचटूए-झेड हा एचटूएचा पर्यायी हिस्टोन. मग २०१३ मध्ये त्याच लॅबने एका जीनवर न थांबता यीस्टचे सगळे टीआरएनए जीन बघितले. जीन मोकळा, दोन्हीकडे न्यूक्लिओसोम, आणि ही रचना रिमॉडेलरनी सतत राबून टिकवलेली, ही मांडणी सगळीकडे दिसली. 'सतत राबून' हे मला महत्त्वाचं वाटतं, म्हणजे एकदा बसवलं आणि विसरलं असं नाही.

चौकस:

पण यीस्टचे सगळेच जीन मोकळे आणि सगळेच चालू असतील तर नियंत्रण हवंच कशाला? पुस्तक बरोबरच म्हणतंय मग.

सूक्ष्मदर्शी:

यीस्टला उपाशी ठेवा, मग कळतं. एका पिढीत यीस्टची पेशी साधारण ३० लाख टीआरएनए बनवते, हा फार मोठा खर्च आहे, खायला नसताना तो परवडत नाही. अन्न संपलं की टॉर आणि पीकेए या किनेजचा (फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमचा) जोर कमी होतो, मॅफ-वन नावाच्या प्रोटीनवरचे फॉस्फेट निघतात, ते न्यूक्लियसमध्ये जाऊन पॉल थ्रीला धरतं आणि टीआरएनए बनणं काही मिनिटांत खाली येतं.

आता गंमत बघा. २००३ च्या कामात असं दिसलं की अशा वेळी जीनवरून पॉल थ्री आणि टीएफथ्रीबी कमी होतात पण टीएफथ्रीसी कमी होत नाही, उलट वाढतो. म्हणजे जीन बंद झाला तरी जागेवरचा राखणदार उठत नाही. पॉलिमरेज सतत आतून जात असतं तेव्हा टीएफथ्रीसीला पुन्हा पुन्हा बाजूला व्हावं लागत असणार, ते थांबलं की तो घट्ट बसतो, असं मी त्याचं कारण लावते. आणि कडेचे न्यूक्लिओसोम अशा वेळी आपली बसायची जागा बदलतात. परत ग्लुकोज दिलं की जीन लगेच चालू, कारण आतलं दार कधी बंद झालेलंच नसतं. मला तर वाटतं यीस्टने हे सगळं लवकर परत चालू करता यावं म्हणूनच असं ठेवलंय.

पाणकावळा:

बिघडवलेल्या जीनचा मुद्दा मान्य. पण मग एक सांगा, क्रोमॅटिन इथे फक्त अडथळाच आहे का? तुमच्या सगळ्या उदाहरणांत न्यूक्लिओसोम शत्रू आणि बाकीचे त्याला हटवणारे.

सूक्ष्मदर्शी:

नाही, आणि याचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडेल. यीस्टचा यू६ नावाच्या छोट्या आरएनएचा जीन घ्या, एसएनआर६. हा टीआरएनए नाही पण पॉल थ्रीचाच, ए आणि बी बॉक्सवालाच. टीआरएनएमध्ये ए आणि बी बॉक्समध्ये साधारण ३० ते ६० बेसजोड्यांचं अंतर असतं. एसएनआर६ मध्ये बी बॉक्स जीनच्या बाहेर, टर्मिनेटरच्याही पलीकडे गेलाय, ए बॉक्सपासून २०० च्या आसपास. टीएफथ्रीसीला एवढं ताणून दोन्ही बॉक्स एकदम धरणं कठीण. पेशीत मात्र हा जीन मस्त चालतो. भार्गव यांच्या लॅबने २००४ मध्ये दाखवलं की क्रोमॅटिनवर टीएफथ्रीसी आला की एटीपी वापरून रचना बदलते आणि दोन बॉक्सच्या मध्ये एक न्यूक्लिओसोम नेमका बसतो. मधला लांबलचक डीएनए त्याला गुंडाळला गेला की ए आणि बी एकमेकांजवळ येतात आणि काम सोपं होतं. इथे न्यूक्लिओसोम हटवायचा नाही, मुद्दाम बसवायचा आहे. नुसत्या मोकळ्या डीएनएपेक्षा क्रोमॅटिनवर जास्त चांगलं ट्रान्स्क्रिप्शन होतं असं उदाहरण त्या काळी दुर्मिळच होतं.

कोषवाला_जालना:

नमस्कार. आमच्याकडे तुती आणि रेशीम आहे, कोष जालन्याच्या मार्केटलाच देतो. मुलगी बायोटेक करतेय तिने हा धागा दाखवला. ती म्हणते रेशीमकिड्यातही टीआरएनएचं काही वेगळं असतं. पाचव्या अवस्थेत किडा पाला इतका खातो की रॅकवर पाला टाकून मागे वळेस्तोवर देठ राहतात, आणि मग तो चंद्रिकेवर (कोष बांधायच्या जाळीवर) चढून तीन दिवसांत सगळा धागा काढतो. एवढं प्रोटीन एकदम कसं बनतं हे कधीपासून विचारायचं होतं.

सूक्ष्मदर्शी:

काका, नमस्कार! तुम्ही विचारलंत ते या विषयातलं फार जुनं आणि फार सुंदर उदाहरण आहे. रेशमाचं मुख्य प्रोटीन फायब्रॉइन, त्यात ग्लायसिन, ॲलनिन, सेरिन ही तीन अमिनो ॲसिड प्रचंड, ग्लायसिन जवळजवळ ४५ टक्के आणि ॲलनिन ३० च्या आसपास. पाचव्या अवस्थेत रेशीम ग्रंथीच्या मागच्या भागातल्या पेशी नेमके याच तीन अमिनो ॲसिडचे टीआरएनए खूप वाढवतात, बाकीचे तेवढे नाही. त्या पेशी विभागत नाहीत, नुसता डीएनए दुप्पट-दुप्पट करत जातात, १७ ते १९ वेळा, म्हणजे एकेका पेशीत लाखो पट डीएनए. मागे वळेस्तोवर देठ राहतात म्हणालात ना, तो पाला इकडेच जातो.

आणि आता धाग्याचा मुद्दा. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये के. पी. गोपीनाथन यांच्या गटाने रेशीमकिड्याच्या ग्लायसिन टीआरएनएच्या अनेक कॉप्या काढून तपासल्या. टीआरएनएचा भाग सगळ्यांत सारखाच, म्हणजे आतले ए आणि बी बॉक्सही तेच. तरी काही कॉप्या जोरात चालतात, काही अगदी मंद. फरक सगळा आजूबाजूच्या डीएनएत, जीनच्या आत नाही. ॲलनिनचंही तसंच, एक प्रकार सगळ्या पेशींत आणि दुसरा फक्त रेशीम ग्रंथीत, आणि तो फरकही जीनच्या अलीकडच्या भागामुळे पडतो. अमेरिकेत कॅरन स्प्रेग यांनी त्यावर खूप काम केलं. तुमच्या मुलीला सांगा, सेमिनारला हा विषय घे.

कोषवाला_जालना:

धन्यवाद ताई. तिला वाचून दाखवलं. ती विचारतेय सगळ्या कॉप्या सारख्याच असतील तर कोणती चालली हे कळतं कसं.

सूक्ष्मदर्शी:

अगदी नेमकं विचारलंय तिने, या क्षेत्रातली खरी डोकेदुखी हीच. तयार टीआरएनए मोजायचा तर दोन अडचणी. एक म्हणजे त्यावर इतके रासायनिक बदल झालेले असतात की मोजण्यासाठी आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, मध्येच अडकतं. दुसरी म्हणजे सारख्या कॉप्यांचा टीआरएनए हातात आला तरी तो कोणत्या जीनचा हे सांगता येत नाही. म्हणून पॉल थ्री डीएनएवर कुठे बसलंय ते चिप-सीक्वेन्सिंगने (प्रोटीनला चिकटलेला डीएनए पकडून वाचण्याच्या पद्धतीने) बघतात, कारण पकडलेल्या तुकड्यात जीनच्या बाजूचा डीएनएही येतो आणि तो प्रत्येक कॉपीचा वेगळा असतो.

माणसाचं चित्र अशानेच स्पष्ट झालं. २०१० मध्ये एकाच वर्षी चार-पाच गटांनी माणसाच्या पेशींवर हे केलं. माणसात खात्रीचे म्हणता येतील असे चारशेच्या वर टीआरएनए जीन आहेत, ज्यात सहाव्या क्रोमोसोमवर एक भलामोठा घोळकाच आहे. त्यातले एका प्रकारच्या पेशीत साधारण निम्मेच चालू दिसले. आणि जे चालू त्यांच्या आजूबाजूला एच३के४ ट्रायमिथायलेशन, हिस्टोन ॲसिटायलेशन अशा, हिस्टोनवरच्या रासायनिक खुणा होत्या, पॉल टूच्या (प्रोटीनचे जीन वाचणाऱ्या पॉलिमरेजच्या) चालू प्रमोटरवर असतात त्याच, पुष्कळदा जवळपास पॉल टूचा चालू जीनही होता. बंद असलेल्यांचे ए, बी बॉक्स बघाल तर त्यातले बरेचसे ठणठणीत. म्हणजे जीन चांगला असून नुसता तो ज्या वस्तीत आहे ती बंद म्हणून तोही बंद. यीस्टपेक्षा हे फार वेगळं आहे, यीस्टमध्ये टीएफथ्रीसी स्वतः जागा करून घेतो, माणसात आधी क्रोमॅटिन उघडं असावं लागतं असं दिसतं.

अर्थात माणसाचा टीएफथ्रीसीही हात बांधून बसलेला नाही. तपस कुंडू, जे नंतर बंगळुरूच्या जेएनसीएएसआरमध्ये होते, त्यांनी रॉबर्ट रोडर यांच्याबरोबर १९९९ मध्ये दाखवलं की माणसाच्या टीएफथ्रीसीत स्वतःचीच हिस्टोन ॲसिटायलेज क्षमता आहे आणि तो क्रोमॅटिनने घातलेली बंदी उठवू शकतो.

जुना_वैद्य:

प्रॅक्टिस करणाऱ्याच्या नजरेने विचारतो. निम्मे बंद, निम्मे चालू, पण पेशीला तर सगळेच अँटिकोडॉन (टीआरएनएवरची तीन अक्षरांची खूण, जी कोडॉनशी जुळते) लागतात. एखादा बंद राहिला तर रोग होतो का?

सूक्ष्मदर्शी:

डॉक्टरसाहेब, याचे दोन भाग आहेत. २०११ मध्ये माणूस, मकाक माकड, उंदीर, रॅट, कुत्रा आणि ओपॉसम अशा सहा प्राण्यांच्या यकृतात पॉल थ्री कुठे बसतं ते तपासलं गेलं. कोणता जीन चालू हे प्राण्याप्राण्यात बरंच बदलत होतं, पण एकेका अँटिकोडॉनच्या सगळ्या जीनची बेरीज केली की आकडा जवळपास तोच राहत होता. म्हणजे कोणत्या कॉपीने काम करायचं यात मोकळीक, एकूण कामात नाही.

पण ही मोकळीक सगळीकडे चालत नाही. २०१४ मध्ये सुसान ॲकरमन यांच्या लॅबने उंदरांत दाखवलेलं उदाहरण बघा. आर्जिनिनच्या एका अँटिकोडॉनचे, यूसीयूचे, उंदरात पाच जीन, त्यातला एक मुख्यतः मेंदूत चालणारा. लॅबमधल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या बी६जे उंदरात नेमका तोच बिघडलेला आहे, आणि एरवी उंदीर ठीकठाक असतात. पण जोडीला जीटीपीबीपी२ हे अडकलेल्या रायबोसोमला मदत करणारं प्रोटीनही नसेल तर एजीए कोडॉनवर रायबोसोम अडकतात आणि मेंदूच्या पेशी मरायला लागतात. यकृतात न चालणारा एक जीन मेंदूत जीव वाचवत होता.

जुना_वैद्य:

पॉल थ्रीच्या सबयुनिटच्या म्युटेशनमुळे होणाऱ्या ल्युकोडिस्ट्रॉफीबद्दल (मेंदूतल्या पांढऱ्या भागाच्या आजाराबद्दल) वाचलं होतं, तेही मेंदूचंच. कॅन्सरमध्ये काय?

सूक्ष्मदर्शी:

हो, त्या सबयुनिटचे जीन म्हणजे पीओएलआर३ए आणि पीओएलआर३बी, २०११ पासून ते माहीत आहे. कॅन्सरमध्ये उलटी बाजू, पॉल थ्रीचं काम वाढलेलं असतं. आरबी आणि पी५३ हे कॅन्सर रोखणारे प्रोटीन एरवी त्याला दाबून ठेवतात, ते गेले की दाब गेला. मिक हे कॅन्सरला चालना देणारं प्रोटीन टीएफथ्रीबीला धरतं आणि जीसीएन५ हे ॲसिटायलेज आणून टीआरएनए जीनजवळच्या हिस्टोनचं ॲसिटायलेशन वाढवतं. म्हणजे कॅन्सर क्रोमॅटिनलाच हात घालतो. २०१६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये असं दिसलं की ग्लुटामेटचा यूयूसी आणि आर्जिनिनचा सीसीजी हे दोनच टीआरएनए वाढले तरी मेटास्टॅसिसला (कॅन्सर शरीरात पसरण्याला) मदत होते, म्हणजे सरसकट सगळे वाढतात एवढंच नाही.

पाणकावळा:

कडांचा विषय चाललाय तर एक भर घालतो. टीआरएनए जीन शेजाऱ्यांवरही परिणाम करतो. यीस्टच्या एचएमआर या सायलेन्स केलेल्या (बंद ठेवलेल्या) भागाच्या उजवीकडे थ्रिओनिनचा टीआरएनए जीन आहे, २००१ मध्ये डॉन्झ आणि कामाकाका यांनी दाखवलं की तो काढला तर सायलेन्सिंग पुढे पसरायला लागतं. टीएफथ्रीसीवालाच जीन, पण इथे त्याचं काम कुंपणाचं. आणि टीवाय१ ट्रान्सपोझॉन (जीनोममध्ये जागा बदलत शिरणारा डीएनएचा तुकडा) टीआरएनए जीनच्या अलीकडच्या भागातच शिरतो, तेही न्यूक्लिओसोमच्या हिशेबाने ठरलेल्या अंतरावर. तुमच्या 'कडा' वाल्या मुद्द्याला हे दोन्ही बळ देतात, मी सुरुवातीला फक्त सीक्वेन्स बघत होतो.

सूक्ष्मदर्शी:

वा, टीवाय१ चं मीच लिहायला हवं होतं, धन्यवाद. त्यात आणखी चांगली गोष्ट ही की तिथे शिरल्याने यीस्टचा महत्त्वाचा जीन फुटत नाही, टीआरएनए जीनच्या अलीकडे सहसा दुसरं काही नसतं.

एमेस्सी_पार्ट_टू:

मॅम, मला प्रोजेक्टला यीस्टच्या एका टीआरएनए जीनभोवती न्यूक्लिओसोम मॅप करायचे आहेत, एमएनेज (न्यूक्लिओसोमने न झाकलेला डीएनए कापणारं एन्झाइम) वापरून. आमच्याकडे सीक्वेन्सिंगचं बजेट नाही, जेल आणि क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजायची पद्धत) एवढंच. होईल का? आणि कुठे चुकू शकतं?

सूक्ष्मदर्शी:

नक्की होईल, लोकांनी चाळीस वर्षं जेलवरच केलंय. झायमोलेज देऊन पेशीची भिंत काढ, न्यूक्लिआय काढ, मग एमएनेज वेगवेगळ्या प्रमाणात टाक, एकच डोस टाकून मोकळी होऊ नकोस. हे एन्झाइम कॅल्शियमवर चालतं म्हणून थांबवायला ईडीटीए, आणि ट्यूब बर्फावर आधीच तयार ठेव. आधी ॲगरोजवर लॅडर (शिडीसारख्या पट्ट्या) बघ, १५० च्या जवळ पहिली पट्टी आणि मग साधारण १६५ च्या टप्प्याने वरच्या. लॅडर दिसली नाही तर क्यूपीसीआरला हातच लावू नको.

क्यूपीसीआरचे प्रायमर जीनच्या दोन्ही बाजूंच्या डीएनएवर घे, आत घेतलेस तर इतर कॉप्या पण उचलल्या जातील. आणि प्रोटीन काढून टाकलेल्या उघड्या डीएनएवर तेच डायजेशन करून तो कंट्रोल प्रत्येक वेळी बाजूला लाव. एमएनेज ए-टी जास्त असेल तिथे आवडीने कापतं आणि या जीनच्या अलीकडचा भाग नेमका तसाच असतो, त्यामुळे उघड्या डीएनएचा कंट्रोल नसेल तर जे दिसतंय ते न्यूक्लिओसोम नसल्यामुळे की एन्झाइमच्या आवडीमुळे हे सांगता येणार नाही, आणि पाणकावळा यांनी वर जी शंका काढली तीच तुझे परीक्षक काढतील. जीन कोणता घेतेयस ते इथे लिही, प्रायमर बघून सांगते.